खुणा ठेवणारी मुलगी

रुक्मायच्या घरी मी गेले ती एक बोचकं घेऊन, आणि ते बोचकं पुढे कितीतरी दिवस मी सोडलंच नाही. दोन परकर, दोन पोलकी, एक फणी आणि आईचं जुनं लुगडं, एवढाच ऐवज. पण गाठ अशी मारलेली की दातांनीही सुटू नये. आधीच्या दोन घरांत सामान फळीवर मांडून ठेवण्याचा बावळटपणा मी केला होता, आणि दोन्ही वेळा ते परत गोळा करताना मला रडू आवरलं नव्हतं. त्यामुळे तिसऱ्या घरी मी शहाणी होऊन आले होते. दहाव्या वर्षी पोर ज्या बाबतीत शहाणं होतं, त्या बाबी काही फारशा चांगल्या नसतात.

आई माझी तापाने गेली. वडील गलबतावर खलाशी होते; एका वादळात गलबतच परत आलं नाही. मग देवगडजवळच्या जामसंड्याच्या काकांनी मला नेलं. त्यांचं किराणा दुकान होतं आणि दुकानामागेच घर. मिरच्या, हळद, पिठं, गोणपाटं यांची धूळ घरभर उडायची. दमा मला आधीपासून थोडा होता, पण त्या घरात त्याने मुक्कामच ठोकला. छातीत पिपाणी वाजायची, खांदे वरखाली व्हायचे, आणि काकांची तीन लहान मुलं माझ्याकडे टकमका बघत राहायची. काकी वाईट नव्हती. स्वतःच्या तीन पोरांचं करून ती आधीच थकलेली असायची, त्यात मी. 'हवापालट' म्हणून मग मला वैभववाडीकडच्या मावशीकडे पाठवलं. तिथे गोठा, पेंढा आणि ओली लाकडं जाळून होणारा धूर. एका भातकापणीपुरती तिथे टिकले आणि पुन्हा जामसंड्याला आले. या सगळ्यात माझ्यावर कुणी हात उगारला नाही, कुणी उपाशी ठेवलं नाही. फक्त मी दारात उभी राहिले की घरातल्या मोठ्या माणसांचं बोलणं थांबायचं. त्या थांबण्याचा अर्थ मला नीट कळत होता. म्हणून मी कमी खायची, सगळ्यांच्या शेवटी जेवायची, आणि खोकला आला की गोधडीत तोंड खुपसायची. दाबलेला खोकला दुप्पट होऊन बाहेर येतो हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

बाबलमामा माझ्या वडिलांबरोबर त्याच गलबतावर होता. गुडघा मोडला म्हणून आदल्या वर्षी त्याने दर्या सोडला, म्हणून वाचला. मामा म्हणजे नात्याने कुणी नव्हे. वाडीतली सगळी पोरं त्याला मामाच म्हणायची. कसल्याशा कामाला तो देवगडला आला असताना काकांच्या दुकानात डोकावला आणि मला बघून तिथल्या तिथे म्हणाला, "काकानू, ह्या चेडवाक पाऊस सरापर्यंत आमच्याकडे धाडा. दर्याचो वारो तरी लागात तिका." चेडू म्हणजे आमच्याकडे मुलगी. काकांनी दिवाळीपर्यंत म्हणून हो म्हटलं. मी मनाशी हिशेब केला: तिसरं घर, मुदत दिवाळी.

मालवणच्या किनाऱ्याला लागूनच त्यांचं घर. नळ्यांचं छप्पर, सारवलेली पडवी, पुढे माडांची पाच-सहा झाडं आणि मग सरळ रेती. पडवीत जाळ्यांचा ढीग. बाबलमामा दिवसभर पाय लांब सोडून जाळी सांधत बसायचा आणि सुई तोंडात धरून बोलायचा, त्यामुळे निम्मं बोलणं आपण ओळखायचं. त्याची बायको रुक्मिणी. सगळी वाडी तिला रुक्माय म्हणायची, मीही तेच म्हणू लागले, आणि तिला काय हाक मारायची हा माझा मोठा प्रश्न परस्पर सुटला. उंच, काळीसावळी, आवाज असा की माडावरचा माणूस खाली बघेल. त्यांना मूल नव्हतं. पहिल्या दिवशी तिने माझ्या बोचक्याकडे बघितलं आणि म्हणाली, "फळयेर जागा केलंय. सोडशीत तेव्हा सोड." त्यानंतर तिने त्याचा विषय काढला नाही. केर काढताना ते बोचकं उचलायची, खालची जमीन झाडायची आणि परत होतं तिथेच ठेवायची.

त्या घरातली सकाळ उकड्या तांदळाच्या पेजेने सुरू व्हायची. पेजेबरोबर चुलीत भाजलेला सुका बांगडा, नाहीतर खोबऱ्याची कातळी. पावसाळ्यात मासळी नसली की कुळथाची पिठी, वरून लसणीची फोडणी. तिचा वास अजून नाकात आला की मी आहे तिथे थांबते. आवाज मात्र एकच, समुद्राचा, आणि त्यावर रुक्मायचा. शेजारणीशी ती घरातूनच बोलायची. मला वाटायचं ही भांडते आहे. मग कळलं, ती हाताला चटका बसला तर काय लावायचं ते विचारत होती.

माझा दमा त्या घरी पहिल्याच पावसात उसळला. बाजारातल्या डॉक्टरांनी पांढऱ्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं, मासे नकोत, नारळ नको, ओल नको. मालवणात राहून या तीन गोष्टी सोडायच्या म्हणजे मग माणसाने स्वतःला शिंक्यावरच टांगून घ्यायचं. रुक्मायने गोळ्या ठेवल्या आणि बाकीचं डॉक्टरांना परत दिलं: "ता सगळा सोडल्यार चेडू जगात कशार?" तिचा उपाय वेगळा होता. मला पडवीत बसवायची, पुढ्यात डाला, म्हणजे मोठी टोपली, पालथा घालून त्यावर गोधडीची घडी ठेवायची, म्हणजे मला हात टेकून वाकता यायचं. आणि स्वतः माझ्या पाठीला पाठ लावून बसायची. बोलायची नाही. नारळ खवत असायची किंवा सुंभ वळत असायची. तिचा श्वास मला पाठीतून कळायचा, सावकाश, भरतीचं पाणी चढतं-उतरतं तसा. माझा धावता श्वास आधी तिच्या पुढे पुढे पळायचा, मग दमायचा, मग हळूहळू तिच्या चालीवर यायचा. कधी घटका लागायची, कधी दुपार जायची. तिने कधी कंटाळून पाठ काढून घेतली नाही.

आणि एक गोष्ट तिने ओळखली, जी डॉक्टरांनी ओळखली नाही, काकांनी नाही, मीही नाही. श्रावणातल्या एका दुपारी पोस्टमन शेजारच्या घरी आला. त्याची सायकल वाजली आणि इकडे माझी छाती वाजायला लागली. ऊन होतं, ओल नव्हती, चूल विझलेली होती. रुक्माय माझ्याकडे बघत राहिली. मग बाबलमामाला म्हणाली, "ह्या चेडवाची धाप छातयेत नाय, वाटेर आसा. वाटेर कोणाचा पावल वाजला की हिचा सुरू. हिका वाटता, न्हेवक इले." न्हेवक म्हणजे न्यायला. मामाने सुई तोंडातून काढली आणि म्हणाला, "मगे वाट बंद करूची काय?" पण त्या दिवसापासून तो स्वतः पायवाटेच्या तोंडाशी बसायला लागला. जाळं घेऊन, लंगडत. येणाऱ्याला लांबूनच मोठ्याने नाव घेऊन हाक मारायचा, म्हणजे कोण आलं ते मला आत कळावं. रुक्माय शाळेत गेलेली नव्हती. जे तिने पडवीत बसून जोखलं, ते मी पुढे पुस्तकात वाचलं तेव्हा मला पुस्तकाचं नव्हे, तिचं कौतुक वाटलं.

कारण पुढे मी परिचारिका झाले, आणि तीस वर्षांतली बरीचशी मुलांच्या वॉर्डात काढली. बालगृहातून, नातेवाइकांकडून, या घरातून त्या घरात फिरलेली मुलं दम्याने निळी पडून यायची. एक मुलगी आठवते. चपला उशाखाली ठेवून झोपायची. उद्या तिला न्यायला येणार असं सांगितलं की आज तिची छाती भरायची. मी तिच्या खाटेवर तिच्या पाठीला पाठ लावून बसले, तर आमच्या मोठ्या सिस्टर रागावल्या, ही काय बसायची रीत. मी म्हटलं, आमच्या मालवणची आहे. औषधं मी वेळेवर दिली, त्यात कधी कसूर केली नाही. पण औषध आत उतरायला पोराला आधी बूड टेकायला जागा लागते, हे मला रुक्मायने शिकवलं होतं, आणि ते सांगताना मी आजही मान खाली घालत नाही.

नारळी पुनव झाली आणि रापण सुरू झाली. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. होडी लांबलचक जाळं घेऊन समुद्रात जाते, अर्ध्या चंद्रासारखं सोडत परत येते, आणि मग किनाऱ्यावरची माणसं दोन रांगा करून दोन्ही बाजूंचे दोर ओढत ओढत मागे सरकतात. बायका, म्हातारे, सगळे. जाळं रेतीवर आलं की मासळीचे वाटे पडतात, वाटेकरी घरं जितकी तितके ढीग. बाबलमामाला दोर ओढवत नसे, पण तो जाळी सांधायचा, म्हणून त्याचाही वाटा होता.

ढीग डोळ्यांच्या अंदाजाने पाडलेले, तेव्हा कुठला मोठा, कुठला लहान, कुठल्यात बांगडे जास्त, यावरून भांडणं ठरलेलीच. त्यावर तोड अशी होती: प्रत्येक घराने रेतीवरून काहीतरी उचलून तांडेलाकडे, म्हणजे रापणीच्या म्होरक्याकडे, द्यायचं. कुणी शिंपला, कुणी काटकी, कुणी दोराचा तुकडा. ती त्या घराची त्या दिवसाची खूण. खुणा झाकल्या टोपलीत गोळा होईपर्यंत एक माणूस समुद्राकडे तोंड करून उभा राहायचा, म्हणजे कोणाची खूण कोणती हे त्याला कळू नये. मग त्याने टोपली घेऊन एकेका ढिगावर एकेक खूण ठेवत जायचं. ज्याची खूण ज्यावर, तो ढीग त्याचा. कुरकुर करायची सोय नाही. फक्त हा माणूस असा हवा की ज्याचा तिथल्या कुठल्याच घराशी संबंध नाही.

मी रेतीवर एकटी बसलेली होते. रापणीचा तांडेल भिकू, त्याने विचारलं, "ह्या चेडू कोणाचा?" कुणीतरी म्हणालं, "हयसर कोणाचाच नाय. बाबलाकडे दिवाळीपर्यंत ठेवलेला आसा." भिकू तांडेल म्हणाला, "मगे बरा झाला. ये गो, खुणा ठेव."

त्या दिवसापासून ते काम माझं झालं. खरं सांगते, मला त्याचा गर्व होता. आतापर्यंत ज्या ज्या घरी गेले तिथे माझ्यामुळे कामं अडायची. इथे माझ्यावाचून अडायची. मी पोहोचले नाही तर चाळीस माणसं उन्हात ताटकळायची आणि "इंदू गोऽ" म्हणून हाका मारायची. माझं नाव इतक्या मोठ्याने कुणी कधी घेतलं नव्हतं. मी पाठ ताठ करून दर्याकडे तोंड करायची, पाठीमागे कुजबुज झाली तरी वळायची नाही. "चेडवाचो हात साफ" असं लोक म्हणायचे. खारं वारं, मोकळी जागा, आणि कामाचा तोरा. माझी धाप रेतीवर सहसा येतच नसे. हात साफ कशामुळे, तर मी कोणाचीच नाही म्हणून, हे टोचायचं. पण मी ते टोचणं गिळून टाकायची. रुक्माय लांबून बघायची, मी खुश आहे हे तिला दिसायचं, आणि तीही काही बोलायची नाही.

दिवाळी आली आणि गेली. काका आले नाहीत. मला वाटलं विसरले. पंधरा दिवसांनी एका सकाळी बाबलमामाने पायवाटेवरून हाक दिली, "जामसंड्याचे काका इले गोऽ", आणि माझ्या हातातली पेजेची वाटी कलंडली.

काका पडवीत बसले. डोक्याला काळी टोपी, हातात कापडी पिशवी. रुक्माय भाकरीचं पीठ मळत होती, तशीच पिठाच्या हातांनी बाहेर आली. गूळ घातलेला काळा चहा झाला. मग काका म्हणाले, "हिका न्हेवक इलंय."

"दिवाळी होवन पंधरा दीस झाले," रुक्माय म्हणाली. "आमका वाटला तुमी विसरलात."

"विसरतलंय कसो? सख्ख्या भावाचा चेडू. लोक विचारतत, भावाचा चेडू परक्याच्या दारात कित्याक ठेवलंस."

माझी छाती तोवर भरली होती. रुक्मायने डाला ओढला, मला बसवलं आणि पाठीला पाठ लावली. पण त्या दिवशी तिचाही श्वास सरळ नव्हता. मला पाठीतून कळत होतं. काका माझ्याकडे बघून म्हणाले, "बघा. थंय पण ह्याच, हंय पण ह्याच. मगे हंय ठेवन उपेग काय?"

"हंय ता रोज येणा नाय," रुक्माय म्हणाली. "आज तुमी इलास म्हणान इला."

हे काकांना लागलं. त्यांनी कप खाली ठेवला. काका दुष्ट नव्हते, हे मी आज ठामपणे लिहिते. ते म्हणाले, "यष्टीत एक जण सांगत होतो. आमच्या रापणीर एक चेडू खुणा ठेवता, कोणाचाच नाय, म्हणान हात साफ. त्याका काय म्हायत मी कोण ता. माझो भाव दर्यात गेलो, म्हणान त्याचा चेडू कोणाचाच नाय? चार गावांत हीच वळख तिची?" मग रुक्मायकडे वळून, आवाज न चढवता, "तुमी तिका घरची म्हणतास. मगे त्या कामाक कशी लावलात? घरची असती तर ता काम तिका गावला असता?"

रुक्मायची पाठ माझ्या पाठीला ताठ लागली. बाबलमामा दारात जाळ्याची सुई चाचपत उभा होता. मला वाटलं, संपलं. बोचकं आतच होतं, बांधलेलं, आणि पुन्हा बांधायचेही कष्ट नव्हते. आणि नेमकी तेव्हाच रेतीवरून हाक आली. जाळं वर आलं होतं, वाटे पडले होते. "इंदू गोऽ."

मी उठले. कामाची हाक आली की उठायचं एवढंच मला समजत होतं. घशात शिट्टी वाजत होती, तरी मी गेले. रेतीवर पोहोचून मागे बघते तर रुक्माय पाठोपाठ येत होती, हात पिठाचे तसेच, तिच्यामागे लंगडत मामा, आणि त्याच्यामागे वहाणा हातात घेतलेले काका.

मी दर्याकडे तोंड करून उभी राहिले. मागे खुणा गोळा झाल्या. भिकू तांडेलाने टोपली माझ्या हातात दिली, तेवढ्यात रुक्मायचा आवाज आला, "भिकू, तिका टोपली देव नको."

"कित्याक?"

"ती आमच्या घरची आसा. आमच्या घराक वाटो आसा. तिचो हात चलाचो नाय."

तांडेल वैतागला. "आजच कसा सुचला तुका? वाटे पडलेले आसत, मासो उन्हात आसा. उद्यापास्ना बघूया."

"उद्या कसला? ती आज दुपारच्याच यष्टीत बसतली," रुक्माय म्हणाली.

माणसं चुळबुळ करू लागली. एक जण पुढे होऊन म्हणाला, "म्हणजे आतापर्यंत तुमच्या घरच्यान खुणा ठेवल्यान? मगे हंगामाचे वाटे खरे मानूचे की खोटे?" प्रश्न बरोबर होता, आणि वाईट होता. रापणीत खोटेपणाचा बोल लागला तर घराचा वाटा जाऊ शकत होता, मोडक्या गुडघ्याच्या मामाला पोटापुरता तेवढाच एक वाटा होता, आणि हे रुक्मायला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

ती म्हणाली, "आतापर्यंत तुमी तिका कोणाची नाय म्हटलात, आणि मी गप रवलंय. चेडू खूश आसा, म्हणान गप रवलंय. ती चूक माझी. आजपास्ना ती माझी. हंगामाचा काय ता माका विचारा, तिका नको."

तेव्हा बाबलमामा म्हणाला, "हंगामभर आमका पेडव्यांशिवाय काय गावला ता सांगा. घरच्यान ठेवल्यान असत्यो तर इतके पेडवे गावले असते?" पेडवे म्हणजे काट्यांची बारीक मासळी, कुणालाच नको असते. आधी एक म्हातारी हसली, मग रांगच्या रांग हसली. आमच्या घराचं नशीब सगळ्यांनी हंगामभर बघितलेलं होतं.

भिकू तांडेल हसला नाही. तो माझ्यापुढे उकिडवा बसला आणि म्हणाला, "तू सांग गो. टोपली घेतंस की खूण देतंस?"

बोलायला मला श्वासच नव्हता. टोपली हातात होती. माझ्या आयुष्यात मला मिळालेला तो एकच मान होता, आणि तो रुक्माय सगळ्यांदेखत काढून घेत होती. क्षणभर मला तिचा राग आला, हे लपवत नाही. मग मी तिच्याकडे बघितलं. चाळीस माणसांसमोर घराचा वाटा पणाला लावून ती उभी होती, आणि तिच्या कोपरापर्यंत पीठ वाळलं होतं. मी टोपली तांडेलाच्या पायाशी ठेवली. खाली वाकले आणि हाताला आला तो, तिसऱ्या नावाच्या मासळीचा एक शिंपला उचलला, अगदी साधा, कडेला फुटलेला. तो त्याला दिला. त्याने आधी मामाने दिलेली काटकी टोपलीतून काढून फेकली, माझा शिंपला आत टाकला आणि मोठ्याने म्हणाला, "बाबलाघरची खूण."

आता प्रश्न उरला, खुणा कोण ठेवणार. रेतीवरचं प्रत्येक माणूस कुणा ना कुणा घरचं होतं. तांडेलाने सगळीकडे नजर फिरवली आणि ती काकांवर येऊन थांबली. "पावण्यानू, तुमचो हंय कोणाकडे वाटो आसा?"

"नाय बाबा," काका म्हणाले, "माझा हंय कोण नाय." आणि आपण काय बोललो ते ऐकून ते थबकले.

"मगे येवा. तोंड दर्याकडे करा."

काकांनी वहाणा खाली ठेवल्या आणि ते समुद्राकडे तोंड करून उभे राहिले. शिंपला टाकताना त्यांनी पाहिला असेल म्हणून तांडेलाने टोपली झाकून चांगली घोळली आणि सगळ्या खुणा फडक्याच्या पुरचुंड्यांत बांधल्या. त्याला वेळ लागला. पण काम झालं तरी काका वळले नाहीत. त्यांचा भाऊ त्याच पाण्यात गेला होता. कुणी त्यांना घाई केली नाही. मग ते वळले, टोपली घेतली, आणि दुकानात माल तोलताना असायचा तसा गंभीर चेहरा करून एकेका ढिगावर एकेक पुरचुंडी ठेवत शेवटपर्यंत गेले. आमच्या ढिगावरची मी सोडली. पेडवेच होते.

"तुमचो हातय आमका पेडवेच देता," रुक्माय म्हणाली. काका हसले. त्या माणसाला मी पहिल्यांदाच हसताना बघत होते. मग ते तिच्याजवळ जाऊन हळू आवाजात म्हणाले, "हिका ताक देव नका. आणि धाप लागली की आडवी करू नका, बसवन ठेवा. ती सांगाची नाय, लपवतली, पण कानशिलां घामेजली की समजाचा." मी ऐकलं आणि गार झाले. दुकानात वजनं टाकताना हा माणूस माझ्याकडे बघत होता तर. रुक्मायने मान हलवली. "चतुर्थीक धाडा तिका," काका म्हणाले. "काकाकडे चेडवान चतुर्थीक येवक होया." मी पुढे दर चतुर्थीला जात राहिले, पाहुणी म्हणून, आणि तिथेही माझी छाती मग पुष्कळ शांत राहायची.

काकांची एसटी दुपारची होती. ते मामाबरोबर पुढे निघाले. मी मासळीची पाटी डोक्यावर घ्यायला वाकले, तशी रुक्मायने चुंबळ सरळ करून दिली. पाटी जड होती. पेडवे असले म्हणून काय झालं, ओला मासा जडच असतो. माडांपर्यंतच्या वाटेत मला दोनदा थांबावं लागलं, धाप लागली म्हणून. खोटं कशाला सांगू. दमा मला आजही आहे. पण ती धाप ओझ्याची होती, आणि ओझं माझ्या घरचं होतं. रुक्मायने पाटी माझ्या डोक्यावरून काढून घेतली नाही. माझा श्वास बसेपर्यंत ती शेजारी उभी राहिली, आणि मग आम्ही दोघी पुन्हा चालू लागलो.